पाहुण्यांचे निर्माल्य

पाहुणा हा देव असतो, हे आपण पर्यटनाच्या जाहिराती वाचून पाठ केले आहे. देव म्हटला की निर्माल्य आले, आणि निर्माल्य कचऱ्यात टाकू नये, पाण्यात सोडावे, अशी आपली रीत. कोकणातल्या आणि मावळ-मुळशीतल्या आडबाजूच्या भाड्याच्या बंगल्यांनी ही रीत मोठ्या निष्ठेने सांभाळली आहे. शनिवारी देव गाडीतून येतात, रविवारी सकाळी अकराला चेक-आउट नावाची उत्तरपूजा होते आणि मागे राहिलेले निर्माल्य काळ्या पिशवीत बांधून बंगल्यामागच्या व्हाळाला अर्पण केले जाते. व्हाळ आटला असेल तर चिऱ्याच्या बंद पडलेल्या खाणीला, आणि खाण लांब पडत असेल तर परसातल्या अग्नीला. बंगल्याच्या जाहिरातीत झोपाळ्याचे, पोहण्याच्या तलावाचे आणि सूर्यास्ताचे भरपूर फोटो असतात, त्या खाणीचा मात्र एकही नसतो. वास्तविक पाहुण्यांच्या मुक्कामाची सर्वांत टिकाऊ आठवण तिथेच जपलेली असते.

ही पिशवी एकदा उघडून पाहण्यासारखी असते. घर आवरणाऱ्या मावशींना ती उघडावीच लागते, कारण बंगल्याचे दोन चमचे आणि एखादा चिमटा तिच्यात हमखास गेलेला असतो. वर अर्धवट प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या, त्याखाली वेफर्सची पाकिटे आणि त्या पाकिटांत कोंबलेली कोंबडीची हाडे. मग फॉइलला चिकटलेले पनीर, थर्माकोलच्या ताटल्या, वाढदिवसाच्या नळकांड्यातून उडवलेले चमचमते तुकडे, बिअरच्या बाटलीत विझवलेली सिगारेटची थोटके आणि सगळ्यात तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, टम्म फुगलेला बाळाचा डायपर. (सदरलेखनाचे अंतिम कार्य कोणते, याची सदरलेखकांना कल्पना असते.) यातली हाडे, साली आणि उरलेला भात एवढेच खेड्याच्या ओळखीचे. खेड्यात कचऱ्याची सोय कधीच नव्हती असे म्हणणे चूक आहे. उकिरडा होता, आणि शेण, पालापाचोळा, राख, खरकटे यांचे खत करून तो ते शेताला परत देत होता. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी म्हणच आहे. पण ती म्हण प्लास्टिकच्या आधीची. वेफर्सच्या चंदेरी पाकिटाचा पांग बारा वर्षांत फिटत नाही. ते फक्त फाटून बारीक होते आणि भाताच्या खाचरात उतरते.

या निर्माल्याचे तीन विधी बंगलेवाल्यांत रूढ आहेत. पहिला खड्डा खणून पुरण्याचा. कोकणातली जमीन पुष्कळशी जांभ्याची, पाणी झिरपू देणारी, आणि वर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. खड्ड्यातून पाझरलेले पाणी जुलैत कुठे जाते, हे उताराच्या खालच्या अंगाला असलेल्या विहिरीला विचारावे. दुसरा विधी होमाचा. लोखंडी पिंपात पिशवी पेटवली की आच कमी आणि धूर फार. अशा अर्धवट जळण्यात प्लास्टिकमधून, विशेषतः पीव्हीसीमधून, डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये सुटतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंड सांगितला आहे. पण धूर निघतो तो पाहुणे गेल्यावर, आणि दंड करणारा त्या वाटेला पाहुणे असतानाही फिरकत नाही, त्यामुळे कोणाचीच गैरसोय होत नाही. तिसरा विधी विसर्जनाचा. पहिल्या मोठ्या पावसात व्हाळ सगळे खाडीला देतो, खाडी समुद्राला देते, आणि समुद्र कोणाचे काही ठेवून घेत नाही. तो ते पुढच्या गावाच्या किनाऱ्यावर आणून टाकतो. तिथे उतरलेले पाहुणे ‘शी, किती घाण आहे हो इथे’ म्हणत त्या गावाला एक तारा कमी देतात.

भंगारवाल्याला द्या, असे काही जण सुचवतात. सूचना चांगली आहे, फक्त भंगारवाल्याला हिशेब येतो. लिटरभर पाण्याची रिकामी बाटली वीस-पंचवीस ग्रॅमची, म्हणजे किलो व्हायला चाळीस-पन्नास बाटल्या. पोते भरते, वजन भरत नाही, आणि तालुक्याला जायचे डिझेल मालापेक्षा महाग पडते. चंदेरी पाकीट तर तो फुकटही नेत नाही, कारण त्यातले चिकटलेले थर वेगळे करत बसणार कोण? मग ग्रामपंचायत कशाला आहे, हा पुढचा सवाल. कायद्याने ती आहेच. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी ग्रामपंचायतींवर जबाबदारी टाकली आणि आपली वेष्टने परत गोळा करण्याचे दायित्व उत्पादकांवरही ठेवले. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या ग्रामीण टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक केंद्र उभारण्याची तरतूद झाली. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात मार्च २०१८ पासून बंदी आहे, हे त्या ताटल्यांना कोणीतरी कळवायला हवे. कागदोपत्री बंदोबस्त चोख आहे. अडचण एवढीच, की यंत्र तालुक्याला, पाकीट व्हाळात आणि मधली घाटवाट कोणत्याच फाइलीत नाही. लहान ग्रामपंचायतीत नळाला पाणी सोडणारा जो माणूस, तोच दिवाबत्ती बघतो आणि तोच नोटिसा वाटतो. त्यानेच रविवारी दुपारी आठ बंगल्यांचे डायपरही उचलावेत, ही अपेक्षा बंगल्याच्या घरपट्टीची पावती पाहिल्यावर तरी करू नये.

मूळ मुद्दा असा, की या बंगल्यांना भाव मिळतो तो दूरपणाला. शेजार नाही, दुकान नाही, गाड्यांचा आवाज नाही. घंटागाडीचा आवाज नाही, हेही त्यातच आले. ज्या गुणाचे पाहुणा पैसे मोजतो, तोच गुण कचऱ्याची सोय अशक्य करतो. दूरपणाचे भाडे मालकाने घ्यायचे, सुख पाहुण्याने घ्यायचे आणि त्याचा खर्च गावाने सोसायचा, म्हणजे कोणाची म्हैस आणि कोणाला उठबस. आणि गंमत म्हणजे, कचऱ्याच्या या सगळ्या प्रवासात शहराकडे हमखास जाणारे, इंधन आधीच भरलेले आणि डिकी रिकामी झालेले वाहन एकच आहे, ते म्हणजे पाहुण्यांची गाडी. येताना तिने पाण्याच्या बारा बाटल्यांचा खोका आणला, वजन बारा किलो. जाताना त्याच रिकाम्या बाटल्यांचे वजन तीनशे ग्रॅम. बारा किलो वाहून आणणाऱ्या दणकट एसयूव्हीला तीनशे ग्रॅम परत नेता येत नसतील, तर तो गंभीर यांत्रिक दोष आहे. कंपन्यांनी तशा गाड्या माघारी बोलवाव्यात.

पाहुण्यांचीही बाजू ऐकली पाहिजे. ‘रात्रीचे पंधरा हजार मोजायचे आणि वर कचराही आम्हीच न्यायचा?’ प्रश्न रास्त आहे. पंधरा हजारांत चादरी धुऊन मिळतात, कारण चादर धुता येते. डायपर नाहीसा करण्याची विद्या मात्र त्या डोंगरावर पंधरा लाखांतही मिळत नाही. ‘गाडीला वास येईल.’ वास ओल्या कचऱ्याला येतो, आणि तो न्यायला कोणी सांगितलेलेच नाही. तो वेगळ्या बादलीत ठेवला तर माडाच्या आळ्यात त्याचे खत होते, विसळलेली पाकिटे आणि बाटल्या तेवढ्या न्यायच्या. डायपरला वास येईल हे खरे, पण त्याचा धनी त्याच गाडीत बसलेला असतो आणि घर येईपर्यंत नव्या डायपरची तजवीज करत असतो. ‘गावकरी तरी कुठे स्वच्छ आहेत?’ नाहीत, आणि गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छतेचे अभियान चालवणाऱ्या राज्यात त्यांनी याची लाज बाळगावी. पण गावाचा कचरा गावाच्या ऐपतीइतका असतो आणि पाहुण्यांचा पाहुण्यांच्या. सर्वांत टोकदार आक्षेप शेवटचा. ‘शहरात नेला तरी तो कुठल्या तरी गावाच्याच डोक्यावर पडणार ना?’ उरुळी देवाची आणि फुरसुंगीने पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे सोसला, त्याविरुद्ध आंदोलने केली, तेव्हा हे खोटे म्हणता येणार नाही. तरीही शहरात कचरावेचक आहेत, भंगाराचा बाजार आहे, वर्गीकरणाची केंद्रे आहेत आणि चार दिवस गाडी आली नाही तर नगरसेवकाला फोन करणारे नागरिक आहेत. व्हाळाला फोन करता येत नाही.

मालकांनीही सोवळे नेसून बाजूला उभे राहू नये. कोकणात राखणदार म्हणजे गावाची सीमा सांभाळणारे दैवत. बंगल्यावर त्याच नावाच्या माणसाला काळी पिशवी देऊन अंधारात सीमेबाहेर पाठवले जाते. ‘पाहुण्यांना कचऱ्याचे सांगितले तर ते तारे कापतात,’ ही मालकांची भीती खरी असेलही. पण नेपाळ सरकारने २०१४ पासून एव्हरेस्टवर चढणाऱ्या प्रत्येकाला आठ किलो कचरा खाली आणायला लावले, त्यासाठी प्रत्येक पथकाकडून ४,००० डॉलर अनामत ठेवून घेतली, आणि तरीही चढणाऱ्यांची रांग लागलेलीच आहे. सिक्कीमने २०२४ मध्ये पर्यटकांच्या गाडीत कचऱ्याची मोठी पिशवी सक्तीची केली. वेंगुर्ले नगरपरिषदेने कचरा डेपोवर वर्गीकरण असे काटेकोर केले, की लोक तो डेपो बघायला जाऊ लागले. तेव्हा बंगल्यात दोन बादल्या, आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट सूचना आणि हजार रुपयांची अनामत एवढे जमायला हरकत नसावी. सुक्या कचऱ्याची पिशवी डिकीत ठेवलेली दिसली की पैसे परत. नेणार नसाल तर त्या पैशांतून टेम्पो तालुक्याला जाईल, आणि तशी पावतीही मिळेल.

बाकी पाहुण्यांना सांगण्यासारखे फारसे काही नाही. सोमवारी सकाळी घंटागाडी तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी येतेच, आणि तिचे पैसे तुम्ही महापालिकेच्या कराच्या बिलात आधीच भरलेले आहेत.