लाइन जायच्या आत

2008 च्या फेब्रुवारीत तोशिबाने हात टेकले आणि सिनेमाच्या चकत्यांची जागतिक लढाई संपली. एकीकडे तोशिबाची एचडी डीव्हीडी, दुसरीकडे सोनीच्या गोटातली ब्लू-रे. घरच्या टीव्हीवर जास्त लख्ख सिनेमा कोण दाखवणार, एवढाच वाद; पण त्यापायी हॉलिवूडच्या स्टुडिओंमध्ये तट पडले होते. जानेवारीत वॉर्नर ब्रदर्स ब्लू-रेकडे सरकली आणि दीडेक महिन्यात निकाल लागला. त्या काळात आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे सिनेमा बघणाऱ्यांसमोरही एक लढाई होती. लाइन जायच्या आत शेवटच्या मारामारीपर्यंत पोचायचं.

भारनियमनाचे दिवस ते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता तेव्हा 2340 मेगावॉट होती. कोळसा आमच्याकडचा, पाणी इरई धरणाचं, राखही इथलीच. वीज मात्र कन्येसारखी सासरी जायची, आणि माहेरी कधी येईल याचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं. ते पाहून लोक सिनेमाचा मुहूर्त काढत.

व्हीसीआरची कॅसेट या बाबतीत शहाणी होती. लग्नात किंवा गणपतीत रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभरात तीन सिनेमे बघायची चाल होती, तेव्हाचा अनुभव असा की, लाइन गेली की कॅसेट होती तिथेच थांबे. दोन तासांनी लाइन आली की अमिताभचा उगारलेला हात तिथूनच खाली येई. सीडीला काहीच आठवत नसे. पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे कंपनीची पाटी, नकला करणाऱ्यांना कायद्याची धमकी, इतर सिनेमांच्या जाहिराती आणि मग नायकाचं बालपण. ब्रह्मपुरीकडच्या एका घरी सबंध आळीला एका सिनेमाचा पूर्वार्ध तोंडपाठ होता, आणि नायिकेचं लग्न कोणाशी झालं हे मात्र कोणीच छातीठोक सांगू शकत नव्हतं. त्यावरून चार मतं होती. त्यातलं एक, मला वाटतं, मूळ पटकथेपेक्षा बरं होतं.

ही सीडी म्हणजे व्हीसीडी. 1993 मध्ये तिचा जन्म झाला. अमेरिकेने तिला दारात उभं केलं नाही, आशियाने मात्र तिच्याशी संसार थाटला. एका चकतीवर 74 मिनिटं मावत, म्हणून हिंदी सिनेमा दोन नाहीतर तीन तुकड्यांत येई. तुकडा कुठे पडावा याची दिग्दर्शकाला काही कल्पना नसे. ‘तुझा खरा बाप...’ इथे पहिली संपायची, आणि दुसरी बहुतेक वेळा आरमोरीला कोणाच्या तरी मेहुण्याकडे गेलेली असायची. चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं. नायकाच्या मागे नाचणाऱ्या मुलींना त्यात नाक-डोळे नसत. ते बघणाऱ्याने आपल्या पदरचे घालायचे, आणि लोक उदार मनाने घालत.

सीडी अटकली तर उपचार घरचेच. आधी फुंकर, मग धोतराचा सोगा, अगदीच हट्टाला पेटली तर टूथपेस्ट. 2007 च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने 28 रुपयांना व्हीसीडी आणि 34 रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा अस्सल माल चोरीच्या मालाच्या भावात आला. मार्कंड्याच्या यात्रेत बांगड्या आणि प्लास्टिकच्या बंदुकांशेजारी सिनेमे मांडलेले असत, भक्तिगीतं आणि ढिश्यूम एकाच टोपलीत. सिरोंचाकडे उतरलं की टोपली तेलुगू व्हायची. नदी ओलांडली की राज्य बदलतं, पण हिरोला ते माहीत नसतं.

अशा मुलखात ब्लू-रेने काय करावं? तिचं तंत्र खरोखर देखणं आहे. साध्या सीडीला वाचणारा लेझर 780 नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा लाल किरण 650 चा, आणि ब्लू-रेचा निळसर जांभळा, 405 चा. किरण जितका बारीक तितकी अक्षरं बारीक लिहिता येतात, म्हणून त्याच आकाराच्या चकतीवर डीव्हीडीच्या 4.7 जीबीऐवजी 25 जीबी बसतात, दोन थर दिले तर 50. चित्र 1920 बाय 1080. पण हा सगळा ऐवज पृष्ठभागाच्या खाली अवघ्या 0.1 मिलिमीटरवर असतो, म्हणून वरून खास टणक लेप द्यावा लागतो. धोतराच्या सोग्याचा विचार त्या लेपाच्या शास्त्रज्ञांनी केला असेल असं वाटत नाही. शिवाय किंमत हजाराच्या घरात. तेवढ्यात यात्रेतली अख्खी टोपली उचलून वर भजी खाता आली असती.

तरी ब्लू-रे चंद्रपुरात आली होती. एका टीव्हीच्या दुकानात काचेमागे भला मोठा पडदा लावून त्यावर बीबीसीचं ‘प्लॅनेट अर्थ’ चालू असे. 2006 ची ती मालिका जगभरच्या दुकानदारांची लाडकी, कारण ती दाखवली की गिऱ्हाइकाला आपला घरचा टीव्ही एकदम म्हातारा वाटू लागतो. हिमबिबट्या कड्यावरून झेपावतोय, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. रस्त्यावर ही गर्दी. ताडोबाचं जंगल तिथून तासाभरावर, आणि वाघ-बिबटे तर थर्मलच्या आवारातल्या झुडपांतही फिरतात. गर्दीत एक वनरक्षक होते. बराच वेळ बघून ते शेजारच्याला म्हणाले, “येवढा साफ बिबट कुठं दिसते जी? आमाले तर पयले गवत हालते. बिबट मंग.”

दुकानदाराने त्यांना पाणी दिलं. टीव्ही त्यांनी घेतला नाही.

पुढे बातम्या येऊ लागल्या की, घरगुती सिनेमांच्या विक्रीत ब्लू-रेचा टक्का वाढतो आहे. खोटं नव्हतं ते. पण टक्का ही फार मिश्कील गोष्ट. गावातली सगळी पोरं नागपूर-पुण्याला गेल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत एकच पोर उरलं, तर पटावर त्याचा वाटा शंभर टक्के. अमेरिकेत 2005 मध्ये डीव्हीडीची विक्री सोळा अब्ज डॉलरच्या आसपास होती. 2024 मध्ये सगळ्या प्रकारच्या चकत्या मिळून एक अब्जही होईनात. मधल्या वर्षांत साधी डीव्हीडी घेणारे उठून इंटरनेटकडे गेले आणि लख्ख चित्राचे हट्टी भक्त बसून राहिले, म्हणून त्यांचा टक्का फुगला. टपालाने चकत्या भाड्याने पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सने सप्टेंबर 2023 मध्ये शेवटचं लाल पाकीट टपालात टाकलं. स्वस्ताईने आम्हाला वेड लावणारी मोझर बेअर तर त्याच्या पाच वर्षं आधीच दिवाळखोरीच्या कायद्यात सापडून अवसायनात निघाली.

त्या हट्टी भक्तांची मात्र मला चेष्टा करवत नाही. विकत घेतलेली चकती कपाटात राहते. ऑनलाइन सिनेमा करार संपला की एका रात्रीत नाहीसा होतो, पत्तासुद्धा मागे ठेवत नाही. खरं म्हणजे चकतीचं राज्य गडचिरोलीतच यायला हवं होतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ता बंद, टॉवरला रेंज नाही, सिनेमा इंटरनेटवरून उतरणार कसा? चकतीला नदीशी काही देणं-घेणं नसतं. पण तिथेही बाजी मारली ती नखाएवढ्या मेमरी कार्डाने. ‘कार्ड भरून मिळेल’ अशी पाटी लावलेल्या टपऱ्या तालुक्या-तालुक्याला निघाल्या. 4 जीबीच्या कार्डात दुकानदार दहा-बारा सिनेमे, शे-दोनशे गाणी आणि गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर एक कीर्तन ठासून बसवायचा. ज्या ब्लू-रेवर एका सिनेमाला पन्नास जीबीपर्यंत जागा लागे, तिच्या इंजिनिअरांनी ही टपरी पाहायला हवी होती. शिवाय मोबाईलला बॅटरी असल्याने लाइनशी असलेलं जुनं वैरही संपलं.

या सगळ्या यंत्रांनी एका धंद्याला मात्र धक्का लावला नाही. दिवाळी सरली की वडसा, म्हणजे देसाईगंज, नाटक कंपन्यांनी गजबजतं. झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भाची, नाटकं होळीपर्यंत गावोगाव चालतात. मंडईची जत्रा असो, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असो, पाहुणे जमले की रात्री नाटक हवंच. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि पहाटे खाली येतो. मधे लावणी, गाणी, बाजूला बसलेले वादक, आणि एकेका कंपनीचं रोज नवं गाव. व्हीसीआर आला, सीडी आली, मोबाईल आला. नाटकाचं बुकिंग चालूच. 2023 मध्ये या रंगभूमीवर हयात घालवलेल्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा दिल्लीला समजलं, आमच्याकडे आधीपासून माहीत होतं.

आता ही नाटकं यूट्यूबवरही दिसतात. मागच्या हंगामात आमच्या भाच्याने नवा मोबाईल तिपाईवर लावून एक अख्खं नाटक एचडीत टिपलं. घरच्या टीव्हीवर लावलं, तर खलनायकाची मिशी दुसऱ्या अंकात डावीकडून सुटलेली, मरणाच्या प्रवेशात नायिकेच्या आईला डास चावतोय आणि ती मेलेल्या अवस्थेत तो मारतेय. हजारभर माणसं त्या रात्री समोर बसली होती, एकालाही हे दिसलं नव्हतं. अर्धी तर रडत होती. भाचा हिरमुसला. म्हणाला, कलाकारांना दाखवायला नको.

तरी त्याने दाखवलंच. खलनायक दिवसा गावात शेती करतात. त्यांनी चष्मा लावून सगळं नीट पाहिलं, मिशीपाशी जराही थांबले नाहीत, आणि शेवटी एवढंच विचारलं, “माइक कोनाचा होता गा? आवाज मस्त आला.”