कंसातलं आडनाव

कढीपत्त्याच्या दोन काड्या मागायला काकू कुंपणाशी आल्या तेव्हाच मी ओळखलं, कढीपत्ता नुसतं निमित्त आहे. त्यांच्या परसातलं झाड आमच्या झाडाच्या दुप्पट आहे.

"गॅस बंद करून या," म्हणाल्या. म्हणजे विषय मोठा.

पदराखालून प्लास्टिकची फाइल निघाली. वर गणपती, खाली मुलाचा फोटो. भाचीला स्थळ आलेलं. मुलगा इंजिनिअर, नोकरीला आयर्लंडमध्ये डब्लिनला. उंची, पगार, रक्तगट, सगळं जागच्या जागी. काकूंनी बोट ठेवलं ते आडनावावर. बोटाला हळद होती, ती कागदाला लागली.

"पाटील म्हणून सांगितलं होतं. आता कंसात बघा काय लिहिलंय."

मी वाचलं. पाटील (पिसाळ).

"हळू!" काकू म्हणाल्या. "आमचं माहेर वाईकडचं. आमच्याकडे हे नाव आलं की म्हातारी माणसं तोंड फिरवायची."

आता साताऱ्यात राहून सूर्याजी पिसाळ कोण हे विचारणारा माणूस मिळायचा नाही. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती गेला, तो याच्या फितुरीनं, वाईच्या देशमुखीच्या लोभापायी, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहूराजे कैदेत गेले ते रायगडावरूनच. ते शाहूराजे सुटले १७०७ साली. १७०८ मध्ये त्यांनी गादी मांडली ती साताऱ्यात. मग या गावानं तो राग विसरायचा कसा? शाहूनगरी म्हणवतो आपण. किल्ला तहानं दिला गेला, फितुरी वगैरे काही नव्हती, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. पण त्यांचं ऐकतो कोण? गोष्ट एकदा जिभेवर बसली की बसली. निवडणुका आल्या, कुणी या पक्षातून त्या पक्षात गेला, की दुसऱ्या दिवशी सभेत सूर्याजी पिसाळ हजर. त्या दिवसांत राज्यातल्या समस्त पिसाळांना उचक्या लागत असतील. आणि शाळेत पोरं त्या नावावरून 'पिसाळलेला' म्हणत असतील ते वेगळंच.

"पण काकू," मी म्हटलं, "आमच्या सांगलीकडे विचाराल तर पिसाळ म्हणजे दुसराच माणूस."

"कोण?"

"क्रांतिसिंह नाना पाटील."

काकू हसल्या. "ते पाटील हो!"

"पाटीलकी त्यांची. कुळ पिसाळ. येडेमच्छिंद्रचे नाना रामचंद्र पिसाळ."

काकूंनी फाइल कुंपणावर ठेवली. असं काही सापडलं की मला फार बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पत्री सरकारचं नाव इथल्या पोराटोरांनासुद्धा ठाऊक. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात इंग्रजांच्या नाकावर टिच्चून चाललेलं सरकार. गावोगाव न्यायनिवाडे, तुफान सेना, जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ लुटलेली गाडी, आणि गुंडांच्या तळपायांना पत्री. हे सगळं ज्यांच्या नावानं चाललं ते नाना त्याआधी तलाठी होते. म्हणजे दुसऱ्यांची नावं दप्तरात नीट लिहिणारा माणूस, आणि त्याचं स्वतःचं आडनाव मात्र पाटीलकीखाली झाकलं गेलं. तेव्हा सांगली जिल्हाही वेगळा नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून तोडला, १९६० मध्ये सांगली नाव दिलं. म्हणजे ज्या जिल्ह्यानं एका पिसाळाला शिव्या दिल्या, त्याच जिल्ह्यानं दुसऱ्याला भाकरी बांधून दिली. फक्त दुसऱ्याला पिसाळ म्हणून ओळखलं नाही. वाईट माणसाचं आडनाव लक्षात राहिलं, चांगल्या माणसाचा हुद्दा.

"मग हे लोक कंसात तरी का लिहितात?" काकूंचं चालूच. "नुसतं पाटील लिहायचं."

आता हे काकूंनी विचारावं! आपल्याकडे निम्मं गाव पाटील. पाटीलकी हे वतन, ते कुळ नव्हे. पाटलाची पाटलाशी सोयरीक होते, पण आतून दोघंही एकाच कुळाचे निघाले तर होत नाही. म्हणून कंस. जतचे डफळे घ्या. नाव पडलं डफळापूरच्या पाटीलकीवरून, आतून चव्हाण. फलटणचे निंबाळकर निंबळक गावावरून निंबाळकर, मूळचे पवार म्हणतात. वरचं नाव गावाचं नाहीतर कामाचं, खालचं रक्ताचं. हुद्द्यानं तर काय काय केलंय! फारसी लिहायचे ते पारसनीस, गडाचं दप्तर सांभाळायचे ते कोटणीस. किन्हईच्या कुलकर्ण्यांच्या घरात प्रतिनिधीपद आलं आणि ते पंतप्रतिनिधी झाले, औंधचे राजे. त्याच घरातले आप्पासाहेब पुढे देशोदेशी भारताचे राजदूत म्हणून गेले ते नुसते आप्पा पंत होऊन. एवढ्या लांबलचक नावातलं पंत तेवढं उरलं. परदेशात प्रतिनिधी म्हणून फिरणाऱ्या माणसानं नावातलं प्रतिनिधी नेमकं गाळलं, ही मला फार मोठी गंमत वाटते.

"पण डब्लिनला?" काकू म्हणाल्या. "तिथे कोण विचारतंय पिसाळ की पाटील?"

तिथे तर आडनावाचं आपल्याहून जास्त. त्यांच्या नावाआधी 'ओ' लागतो, त्याचा अर्थ नातू. 'मॅक' म्हणजे मुलगा. जुन्या आयरिश पद्धतीत मुलगी असेल तर त्या 'ओ'चा 'नी' होतो, आणि सून आली की तिला 'ई'. म्हणजे बाईच्या आडनावावरूनच कळतं, लेक आहे का सून. आपल्याकडे त्यासाठी काकूंना चौकशी करावी लागते.

इंग्रजांनी १४६५ साली कायदा केला, की डब्लिनच्या आसपासच्या आयरिश लोकांनी इंग्रजी आडनावं घ्यायची: एखाद्या गावाचं, रंगाचं, धंद्याचं किंवा हुद्द्याचं. ऐकून काकू म्हणाल्या, "मग आपल्यासारखंच की." फरक इतकाच, आपल्याकडे वतनासाठी माणसं आपणहून नाव बदलत, तिकडे सरकारनं बदलायला लावलं.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. १८८० साली तिथल्या मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी होता, कॅप्टन बॉयकॉट. कुळांनी खंडात सूट मागितली, यानं त्यांना जमिनीवरून काढायला घेतलं. गावानं काय करावं? मारलं नाही, झोडलं नाही. कुणी त्याच्या शेतावर कापणीला जाईना, दुकानदार माल देईना, टपाल पोचेना. बहिष्काराला इंग्रजीत त्याचंच नाव पडलं, ते आजतागायत.

"अगो बाई, तो क्रिकेटवाला?"

"तो वेगळा. जेफ्री. दिवसभर उभा राहायचा आणि बाद व्हायचा नाही."

काकूंचे यजमान त्याचे भक्त. म्हणजे त्यांच्या घरी बॉयकॉट म्हटलं की बॅट आठवते, मेयोत म्हटलं की कारभारी आठवतो. वाईत म्हटलं पिसाळ की रायगड, सांगलीकडे म्हटलं की पत्री. नाव एकच. माझं स्वतःचं मत विचाराल तर आडनावाला पाप लागत नाही, पण आळ लागतो, आणि तो धुवायला तीन-साडेतीनशे वर्षंही पुरत नाहीत.

काकूंनी फाइल पुन्हा उचलली. हळदीचा डाग पुसायला गेल्या, तो आणखी पसरला, नेमका कंसावर. "नाना पाटलांनी लग्नाच्या खर्चाचं काहीतरी केलं होतं ना?"

"गांधी विवाह. कमी खर्चात, साधेपणानं. पत्री सरकारच्या गावांत तशी लग्नं लागत."

"म्हणजे हे लोक मानपान मागणार नाहीत?"

"ते नानांना विचारायला हवं होतं. हे डब्लिनवाले आहेत."

काकूंनी थोडा विचार केला. मग चष्मा वर ढकलून वळल्या आणि मघापासून जे नाव कुजबुजत होत्या तेच, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, आत वर्तमानपत्र वाचत बसलेल्या यजमानांना ओरडून विचारलं, "अहो! पिसाळांचं देवक कुठलं असतं हो?"