डोंगर फुकट, पायथा महाग

डोंगर निसर्गाने केला, धबधबा पावसाने केला आणि तिकीटखिडकी सरकारने केली. तिघांपैकी पैसे मागतो तो एकटा तिसरा. चीनमधल्या पर्यटनस्थळांचे दर एकाखाली एक लिहून काढले, तर त्यांचा डोंगराच्या उंचीशी काही संबंध दिसत नाही. पायथ्याच्या जिल्ह्याला पैशांची किती निकड आहे, तेवढं मात्र स्वच्छ कळतं. सिचुआन प्रांतातल्या जिउझायगोऊ दरीत, तिथे मोठा भूकंप होण्याआधी, ऐन हंगामात आत शिरायला 220 युआन पडायचे, वर आतल्या बसचे 90. म्हणजे माणशी 310. एक युआन साधारण 12 रुपयांचा धरा आणि तळ्यांचा निळा रंग बघायला किती मोजायचे ते मनातल्या मनात करा. ही रक्कम परदेशी पाहुण्याला जाचते असं समजू नका, तो विमानाचं भाडं भरूनच आलेला असतो. 2018 मध्ये चीनमधल्या स्थलांतरित कामगाराची सरासरी कमाई महिन्याला 3,721 युआन होती. अशा कामगाराने बायकोला घेऊन आपल्याच देशातली ही दरी बघायची ठरवली असती, तर जुन्या दराने महिन्याच्या पगाराचा सहावा हिस्सा दारातच गेला असता. त्यात रेल्वे नाही, मुक्काम नाही आणि नूडल्सची वाटीही नाही.

या चढ्या दरांवर चीन सरकारने काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. सरकारने नियम केले आणि फार बारकाईने केले. 2007 मध्ये फर्मान निघालं, की तिकिटाचे दर तीन वर्षांतून एकदाच वाढवता येतील, आणि तेही मर्यादेत. 50 युआनपेक्षा स्वस्त तिकीट फार तर 35 टक्क्यांनी वाढवा. 200 किंवा त्याहून महाग असेल तर 15 टक्क्यांच्या वर जाऊ नका. हेतू पर्यटकाच्या बचावाचा होता. पण कायद्यातली कमाल मर्यादा म्हणजे आपला किमान हक्क, असं समजणारे अधिकारी जगात सगळीकडे असतात. तीन वर्षांच्या आत वाढवू नका, याचा अर्थ तीन वर्षं झाली की वाढवा, असा लावला गेला आणि चिनी वर्तमानपत्रांत दर तीन वर्षांनी दरवाढीच्या हंगामाच्या बातम्या येऊ लागल्या. ह्वांगशान या सुप्रसिद्ध पर्वताचं तिकीट 2009 मध्ये 200 वरून 230 युआन झालं. वाढ बरोबर 15 टक्के, एक दमडी जास्त नाही. कायद्याचं इतकं तंतोतंत पालन फक्त पैसे वाढवतानाच होतं.

पुढे सुनावण्या आल्या. 2013 च्या पर्यटन कायद्याने सांगितलं, की दर वाढवायचा तर आधी जाहीर सुनावणी घ्या, लोकांचं ऐका आणि वाढीची घोषणा सहा महिने आधी करा. लोकांनीही सुनावणीचा अनुभव घेऊन स्वतःचा निष्कर्ष काढला, की सुनावणी झाली म्हणजे दर वाढणार. सहा महिन्यांच्या आगाऊ सूचनेचा एक फायदा मात्र झाला. पूर्वी खिसा अचानक कापला जायचा, आता तारीख ठरवून कापला जाऊ लागला.

सवलतींची गोष्ट तर खास बघण्यासारखी. वर्षानुवर्षं तिकीटखिडकीशेजारच्या भिंतीवर किंवा खांबावर 1.2 मीटरची रेघ आखलेली असायची. मूल त्या रेघेखाली राहिलं तर फुकट, वर गेलं तर तिकीट. वय किती, शाळेत कितवीत, हे कोणी विचारायचं नाही. त्यामुळे चांगलं खातंपितं, अंगाने उंच असलेलं सहा वर्षांचं पोर तिकीट भरायचं आणि शेजारचा बुटका नऊ वर्षांचा आरामात आत जायचा. रेघेपाशी आलं की मागून आईचा हात पोराच्या डोक्यावर यायचा आणि पोराचे गुडघे आपोआप वाकायचे. ज्या देशाने मुलांची उंची वाढावी म्हणून शाळाशाळांत दूध पोचवलं, त्याच देशात पर्यटन खात्याला खुज्या मुलांचं एवढं कौतुक असावं, याची गंमत वाटते. अलीकडे उंचीऐवजी वय धरायला सुरुवात झाली आहे आणि गुडघ्यांची सुटका झाली आहे.

सरकारी नियमांचा खरा कस लागला तो 2018 मध्ये. त्या वर्षीच्या जूनमध्ये केंद्रातून आदेश सुटला, की सरकारी मालकीच्या मोठ्या स्थळांनी ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुटीआधी तिकिटं उतरवावीत. उतरली. ह्वांगशान 230 वरून 190 वर आलं, शिआनजवळच्या मातीच्या सैन्याचं तिकीट 150 वरून 120 झालं, एमेई पर्वत 185 वरून 160. बातम्या झळकल्या, टाळ्या पडल्या. आता ह्वांगशानचंच उदाहरण घ्या. दारावर 40 युआन वाचले. पायथ्याच्या गावातून चढणीच्या सुरुवातीपर्यंत नेणाऱ्या बसचे जाता-येता 38. रोपवेचे एका बाजूचे 80, दोन्ही बाजूंचे 160. बस आणि रोपवे आधीही होते, त्यामुळे केंद्राची कृपा दोन युआनांवर आली असं म्हणणं थोडं खोडसाळपणाचं आहे. चाळीस वाचले ते वाचलेच. पण ज्या तिकिटावर आदेशाचा डोळा होता ते खाली आलं आणि बाकीच्या गोष्टी जागच्या जागी राहिल्या, एवढं यातून नक्की दिसतं. बीजिंगजवळ मूतियान्यूला चीनच्या लांबलचक भिंतीवर जायचं तर प्रवेशाचे 40, भिंतीच्या पायथ्यापर्यंतच्या बसचे 15 आणि रोपवेने जाऊन-येऊन 140. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपल्याकडे अतिशयोक्ती मानली जाते. इथे ती जवळजवळ दरपत्रक आहे. झांगजियाजिएच्या वूलिंगयुआनमध्ये तर कड्याला चिकटवून 326 मीटर उंचीची लिफ्टच बसवली आहे. एका फेरीचे 65 युआन, आणि प्रवास दोन मिनिटांच्या आत संपतो. तिथल्या वालुकाश्माच्या सुळक्यांपैकी एकाला 2010 मध्ये ‘अवतार’ या हॉलिवूडपटावरून नवं नाव देऊन झालं आहे. दगड जुना, पण नाव ताजं असलं की मागणी वाढते.

बस नको असेल तर चाला, कोणी बळजबरी केली आहे, असा एक आक्षेप घेतला जातो. ठीक आहे. पण तिकीटखिडकी आणि स्वागतकक्ष खऱ्या डोंगरापासून कित्येक किलोमीटर अलीकडे बांधायचे, मधल्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी करायची आणि मग पायी जाण्याचं स्वातंत्र्य बहाल करायचं, यात स्वातंत्र्यापेक्षा बसच्या फेऱ्यांची काळजी जास्त दिसते. दुसरा आक्षेप गर्दीचा. तिकीट महाग ठेवलं नाही तर माणसांचा लोंढा आवरणार कसा? हा मुद्दा ऐकायला फार शहाणा वाटतो. मात्र 2 ऑक्टोबर 2013 रोजी हजारो लोक आतल्या बसची वाट बघत अडकून पडले, रस्ते तुंबले, शेवटी तिकिटांचे पैसे परत करावे लागले, ते ठिकाण होतं 310 युआनांचं जिउझायगोऊ. उलट बीजिंगच्या जुन्या राजवाड्याचं तिकीट हंगामात 60 युआन आहे आणि तिथली गर्दी आवरली ती रोजच्या संख्येवर मर्यादा घालून, नाव-क्रमांकासह आगाऊ नोंदणी सक्तीची करून. गर्दीला किमतीने आळा बसत नाही, यादीने बसतो. किंमत एवढंच करते, की गर्दीत उभं राहण्याचा मान कोणाला मिळावा ते ठरवते.

तिसरा आक्षेप देखभालीचा, आणि तो खरोखर वजनदार आहे. पायऱ्या झिजतात, जंगलाला आग लागते, कचरा रोज होतो. हे सगळं फुकटात होत नाही. पण मग पैसा कुठे जातो ते विचारावं लागतं. शाओलिन मंदिराच्या 100 युआनांच्या तिकिटात मंदिराचा वाटा 30 युआन होता, बाकीचे 70 बाहेरच्या बाहेर. तेही 30 वेळेवर मिळेनात म्हणून 2014 मध्ये मंदिराने स्थानिक व्यवस्थापन समितीवर सुमारे 5 कोटी युआनांच्या थकबाकीचा दावा लावला. ज्यांच्या नावावर तिकीट विकलं जातं, त्या भिक्षूंनाच वाट्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. ह्वांगशान आणि एमेई हे पर्वत तर 1996-97 पासून शेअर बाजारात आहेत. पर्वताने ध्यानस्थ बसावं अशी आपली कल्पना. तिथे त्याला दर तिमाहीला नफा दाखवावा लागतो.

एवढी भूक आली कुठून, हे समजायला 1994 पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षीच्या करसुधारणेने करांचा मोठा वाटा केंद्राकडे गेला. शाळा, दवाखाने, रस्ते यांचा खर्च मात्र जिल्ह्यांच्या गळ्यात राहिला. ज्याच्याकडे जमीन होती त्याने जमीन विकली. ज्याच्याकडे डोंगर होता त्याने डोंगराच्या वाटेवर फाटक बसवलं. म्हणजे तिकीट हा पर्यटकावर लावलेला स्थानिक करच आहे, फक्त त्याला कर म्हणत नाहीत. राजधानीतला राजवाडा 60 युआनांत परवडतो, कारण त्याच्या मागे केंद्राचा खजिना उभा आहे. सिचुआनमधल्या डोंगराळ जिल्ह्यामागे तसं कोणी नाही. केंद्राने 2018 मध्ये किंमत उतरवण्याचा हुकूम दिला, त्याबरोबर जिल्ह्याची तूट भरून दिली असती तर बसचं भाडंही उतरलं असतं. हुकूम फुकट असतो, तूट भरणं महाग पडतं. त्यामुळे तिकिटाच्या दरावर अधिकाऱ्यांना नुसतं झोडपून काही हाती लागायचं नाही. त्यांना घरखर्च चालवायचा आहे, आणि दारात दुसरं काही पिकत नाही.

मग शांघायच्या डिस्नेलँडचं काय, असं विचारणारेही भेटतात. 2016 मध्ये ते उघडलं तेव्हा तिकीट 370 आणि गर्दीच्या दिवशी 499 युआन होतं. त्यामानाने ह्वांगशान स्वस्तच! खरं आहे. पण डिस्नेचा किल्ला कोणीतरी पैसे घालून बांधला, डोंगर मात्र कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याने बांधलेला नाही. शिवाय पैसे घेतले की माल द्यावा लागतो, आणि निसर्ग मालाची हमी देत नाही. 2024 च्या जूनमध्ये हेनान प्रांतातल्या यूनताय पर्वतावर 314 मीटरच्या प्रसिद्ध धबधब्याच्या माथ्याशी एका गिर्यारोहकाला चक्क पाण्याचा पाइप सापडला. व्यवस्थापनाने खुलासा केला, की कोरड्या दिवसांत पर्यटकांची निराशा होऊ नये म्हणून थोडी भर घातली आहे, आणि हा खुलासा धबधब्याच्याच तोंडून, प्रथमपुरुषी लिहिला. लोक हसले. मला त्यात फसवणुकीपेक्षा प्रामाणिकपणा जास्त दिसतो: तिकीट लावलं की धबधब्यालाही कामावर हजर राहावं लागतं.

फाटक काढून टाकलं तर काय होतं, याचाही अनुभव चीनमध्येच आहे. हांगझोऊ शहराने 2002 पासून पश्चिम सरोवराभोवतीच्या बागा फुकट केल्या. तिकिटाचं उत्पन्न बुडालं. पण माणसं एका दिवसात फिरून परत जाण्याऐवजी रात्री राहू लागली, जेवू लागली, चहा विकत घेऊ लागली आणि शहराची कमाई वाढली. 2011 मध्ये सरोवर जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हाही फाटक परत आलं नाही. याच्या उलट हुनान प्रांतातलं फेंगहुआंग हे नदीकाठचं जुनं गाव. आतली स्थळं बघायची तरच लागणारं 148 युआनांचं तिकीट 10 एप्रिल 2013 पासून गावात पाऊल टाकायलाच सक्तीचं झालं. लगेच दुकानदारांनी दुकानं बंद करून निदर्शनं केली, कारण तिकीट बघून गिऱ्हाइकंच येईनाशी झाली होती. तीन वर्षांनी, 10 एप्रिल 2016 रोजी, गावात शिरण्याची सक्ती गेली. हांगझोऊ श्रीमंत आहे, त्याला परवडतं, हा युक्तिवाद मला पटतो. पण फेंगहुआंग श्रीमंत नव्हतं आणि तिथे फाटकही परवडलं नाही, हे त्याच्या शेजारी लिहून ठेवावं लागेल.

तेव्हा पुण्या-मुंबईच्या सहल कंपनीचं चीनचं पत्रक हाती आलं, तर ‘प्रवेशशुल्क समाविष्ट’ या ओळीवर लगेच खूश होऊ नका. आतली बस, रोपवे, लिफ्ट आणि आतल्या आत लागणारं दुसरं तिकीट कोणाच्या खिशातून जाणार, हे एकेक करून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. बीजिंगला एखादा दिवस मोकळा मिळालाच, तर पासपोर्टच्या नावाने आगाऊ नोंदणी करून जुन्या राजवाड्यात जाऊन या. एप्रिल ते ऑक्टोबर 60 युआन, थंडीत 40, आणि सोमवारी बंद.