नाना आणि नऊ हजार नऊशे

शहापूर-किन्हवली-सरळगाव रस्त्यालगतच्या कुठल्याही गावात जा, एक नाना सापडतोच. कुठे त्याला भाऊ म्हणतात, कुठे मास्तर. शर्टाच्या खिशातून पेनाऐवजी मल्टिमीटरची लाल वायर डोकावत असते, आणि समोरच्याच्या हातात बॅटरी दिसली की रामरामाच्या आधी प्रश्न येतो, “आत सेल कुठला?”

बॅटरीवाचून इकडे कुणाचं चालत नाही. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात, रात्री ओढ्याला खेकडे निघतात, भात पोटरीला आलं की रानडुकरं येतात, आणि मण्यार तर अंथरुणापर्यंत येते. भातसा, तानसा, वैतरणा आमच्या तालुक्यात बसून मुंबईला पाणी पाजतात. आमची वीज मात्र ढग नुसता दिसला तरी जाते. तेव्हा उजेड सगळ्यांनाच हवा. आमच्या नानांना तो फारसा नको आहे. त्यांना फसायचं नाहीये.

नानांचं दैवत म्हणजे १८६५० हा लिथियमचा सेल. “अठरा मिलिमीटर जाडी, पासष्ट लांबी, आणि शेवटचं शून्य म्हणजे गोल नळकांडं,” हे ते एस.टी.त शेजारच्याला तिकीट काढायच्या आधी सांगतात. सोनी कंपनीने १९९१मध्ये हे लिथियम-आयन तंत्र पहिल्यांदा बाजारात आणलं, ही तारीख त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की ठाऊक. २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल या तंत्रावर काम करणाऱ्या तिघांना मिळालं. त्यांतल्या गुडइनफ यांचं वय तेव्हा ९७ होतं. त्यांचा वर्तमानपत्रातला फोटो नानांनी कापून कपाटाला चिकटवलाय. काकूंनी काही कामाचं नाव काढलं की नाना त्या फोटोकडे बोट दाखवतात. अजून वेळ आहे, असा त्याचा अर्थ.

नानांचं वैर एका आकड्याशी आहे. मुरबाडच्या बाजारात त्यांना ऐंशी रुपयांचा एक सेल मिळाला, त्यावर ठसठशीत छापलं होतं ‘९९०० एमएएच’. या मापाच्या चांगल्यात चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपासच मावतात. “शेराच्या मापात तीन शेर दूध विकतोस?” नाना विक्रेत्यावर कडाडले. तो पोरगा म्हणाला, “काका, दहा हजारवाला पण आहे, देऊ?”

व्होल्टमीटरने हे सोंग उघडं पडत नाही. भरल्यावर खरा सेलही ४.२ व्होल्ट दाखवतो आणि खोटाही. वजन मात्र लबाडी करत नाही. खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास किंवा वर भरतो. वाण्याचा काटा एवढ्याशा वजनाला दाद देईना, म्हणून नाना थेट सोनाराकडे गेले. सोनाराने सेल उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “मोडायचाय की गहाण ठेवायचाय?” काट्यावर सेल तीस ग्रॅमलाही पोचला नाही. नाना घरी आले ते एखाद्याला जन्मठेप झाल्याच्या आनंदात.

पुरावा तरी पक्का हवा, म्हणून दोन सारख्या बॅटऱ्या घेऊन एकीत चारशेचा नावाजलेला सेल, दुसरीत ऐंशीचा, असं करून मंद उजेडावर दोन्ही भिंतीकडे तोंड करून लावल्या. खरा सेल रात्रभर टिकायला हवा होता. वही-पेन घेऊन नाना बसले आणि बसल्या बसल्या झोपले. पहाटे काकू पाण्याला उठल्या. भिंतीपुढे कुणी जागं नसताना बॅटरी जळतेय हे पाहून त्यांनी ती विझवली. दुसऱ्या रात्री तेच. उगाच जळणारा दिवा दिसला आणि विझवला नाही, असं त्या घरात चाळीस वर्षांत घडलेलं नाही. वहीत ‘चाचणी अपूर्ण’ या शेऱ्यापुढे कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द आहे: ‘सौ.’

काकू माहेरी गेल्या तेव्हा कुठे निकाल लागला, आणि त्याने नानांची झोप उडवली. चारशेच्या सेलने तीन हजार दिले, म्हणजे रुपयाला साडेसात. ऐंशीच्या चोराने जेमतेम हजार दिले, म्हणजे रुपयाला साडेबारा! खोटा स्वस्त पडत होता. नानांनी हिशेब तीनदा केला, मग कॅलक्युलेटरचे सेल तपासले. अखेर मार्ग सापडला: किती वेळा भरता येतो तेही धरायचं. चांगला सेल तीनशे-पाचशे वेळा भरला तरी बरीचशी ताकद राखून असतो, ऐंशीचा एका पावसाळ्यात आटोपतो. न्याय झाला. पण “पहिल्या दिवशी तो जिंकला होता” ही सल नानांच्या बोलण्यात अजून येते.

गावाला नानांचा खरा उपयोग होतो तो उन्हाळ्यात. जुने साधे सेल मंदावले की उन्हात ठेवायचे, थोडे जागे होतात, ही इकडची पिढ्यांची रीत. लिथियमचे सेल आले तरी आज्यांनी ती सोडली नाही. तेव्हा एप्रिल-मेमध्ये नाना भर दुपारी घरोघरच्या गच्च्या तपासत फिरतात, कारण तापलेला लिथियम सेल फुगतो, फुटतो, पेट घेतो. कुरडयांच्या शेजारी वाळत घातलेला सेल त्यांनी उचलला तेव्हा त्या घरची आजी काठी घेऊन धावली. तिला वाटलं, मेला कुरडया चोरतोय.

एरवी बॅटरी उसनी देताना नाना वहीत सही घेतात. वर्षातल्या एकाच रात्री ती वही बंद असते. १ जानेवारीच्या रात्रीपासून माणसं सिद्धगडाच्या वाटेला लागतात. २ जानेवारी १९४३ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे हुतात्मे झाले. विजेचे मनोरे पाडून इंग्रजांना जेरीस आणणारी ती माणसं. नाना त्या रात्री भरलेल्या बॅटऱ्या सही न घेता वाटतात. एखादी परत येत नाही. तिची नोंद नाही, चौकशीही नाही. हे त्यांनी कुणाला सांगू नये म्हणून बजावलंय, म्हणून सगळ्या गावाला ठाऊक आहे.

गेल्या पावसाळ्यात नानांनी ठरवलं की भिंतीपुढची चाचणी पुरे, आता रानात व्हावी. ठाकूरवाडीतल्या एका खेकडेवाल्याला त्यांनी दोन बॅटऱ्या दिल्या, महागडी एका रात्रीसाठी, स्वस्तातली दुसऱ्या. वहीत रकाना आखला: ‘एका चार्जात खेकडे’. तो आला तो टोपली घेऊनच.

“पहिल्या रात्री ही भरली,” तो म्हणाला. “दुसऱ्या रात्री अर्धी झाली नि बॅटरी गेली. मंग उजाडंपर्यंत धोंड्यावर बसून होतो.”

“किती वाजता गेली?” नाना पेन सरसावून.

“आता काय सांगू नाना, अंधारात घड्याळ कसं दिसंल?”

नाना सध्या रेडियमचे काटे असलेलं घड्याळ शोधतायत. चार पाहिली. त्यांतलं एकच खरं चमकतं, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते का चमकतं हे ऐकायला कुणी उरलेलं नाही.