एफआरपीची मोटार

वाळवा तालुक्यात मोटारीची किंमत तिच्यात कार्यकर्ते किती मावतात यावरून ठरते. स्कॉर्पिओत नऊ जण कोंबल्यावरही दोघं लोंबकळू शकतात, म्हणून स्कॉर्पिओ मोठी. फॉर्च्युनरमध्ये तेवढे मावत नाहीत, पण तिच्या मागं तीन स्कॉर्पिओ येतात, म्हणून ती त्याहून मोठी. या हिशेबात दोन दारांची, जेमतेम दोघांची, छत काढून ठेवता येणारी मोटार कुठं बसवायची, हा प्रश्न इस्लामपुरात आजवर कुणाला पडला नव्हता. आमच्या पुतण्यानं तो पाडला.

गाडीचं नाव सॅन स्टॉर्म. डिझाइन फ्रेंच, इंजिन रेनोचं आणि जोडणी चक्क गोव्यातली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सनं ही गाडी काढली, तेव्हा देशात स्पोर्ट्स कार म्हणजे सिनेमात खलनायकाचा मुलगा चालवतो ती, एवढीच माहिती लोकांना होती. गाडी फार खपली नाही. पण न खपलेल्या वस्तूला पंचवीस वर्षांनी ‘दुर्मीळ’ म्हणतात. आमच्या पुतण्याला अशीच एक 2001 ची दुर्मीळ वस्तू म्हापशाच्या बाजूला सापडली आहे.

‘‘काका, नव्या बुलेटपेक्षा स्वस्त मिळतीया.’’

‘‘चालू आहे का?’’

‘‘चालू हाय. फक्त चालत न्हाई. प्रोजेक्ट हाय ह्यो.’’

मी पुढं विचारलं नाही. रस्ता खणून ठेवला की त्याला प्रकल्प म्हणतात, हे पेठ–सांगली रस्त्यावर उभं आयुष्य काढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

संध्याकाळी घरातली बैठक बसली. पुतण्यानं मोबाइलवरून माहिती वाचून दाखवली: अकराशे एकोणपन्नास सीसी, साठ हॉर्सपॉवर. दादांनी खिडकीतून अंगणात उभ्या ट्रॅक्टरकडं बघितलं. तोही साधारण तेवढ्याच ताकदीचा. फरक एवढाच, की तो उसाच्या दोन ट्रॉल्या ओढतो आणि त्याचा हप्ता त्यातूनच सुटतो. ‘‘ही काय ओढती?’’ दादांनी विचारलं. पुतण्या म्हणाला, ‘‘लक्ष.’’

मग त्यानं हुकमाचं पान टाकलं. गाडी कधी गंजत नाही, कारण बॉडी लोखंडाची नाहीच, एफआरपीची आहे. फायबर रिइन्फोर्स्ड प्लॅस्टिक वगैरे पुढचं कुणी ऐकलंच नाही. एफआरपी म्हटल्यावर दादा पाट सोडून उठले. ‘‘कुठल्या सालाची? एकरकमी का तुकड्यानं?’’ ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाची रास्त किंमत, द्यावी, असं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. त्यामुळं या तीन अक्षरांची बनवलेली वस्तू भक्कम असते, यावर आमच्या भागात कुणी सहजासहजी विश्वास ठेवत नाही.

स्पेअर पार्टचा मुद्दा निघाला. रेनोच्या मोटारी देशात नीट दिसू लागल्या त्या 2007 ला, महिंद्राचा हात धरून आलेल्या लोगानपासून. त्याआधीच्या इंजिनाचा पाना-पिस्टन कुणाकडं मागायचा? पण इथं पुतण्याचं उत्तर तयार होतं आणि कबूल करायला हवं, की ते खरंही होतं. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. तिथं नमुना नेऊन टाकला की दुसरा पार्ट करून मिळतो, बहुधा मूळ पार्टापेक्षा मजबूत. माझी शंका एवढीच, की नमुना द्यायला मूळ पार्ट गाडीत शिल्लक असावा लागतो.

कागदांचं प्रकरण मात्र गमतीचं आहे. गोव्यातून एनओसी आणायची, इथला कर भरायचा, मग सांगलीला एमएच-10 पासिंग. गाडी वीस वर्षांच्या पुढं गेली, तेव्हा नोंदणी नूतनीकरणाला दहा हजार. ही फी 2025 च्या ऑगस्टपर्यंत पाच हजार होती. म्हणजे जुनी गाडी बाजारात दरवर्षी उतरते आणि सरकारदरबारी चढते, असा मान आमच्याकडं फक्त पडलेल्या आमदारांना मिळतो. वर हरित कर आणि ती हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, जिला इतक्या वेळा मुदतवाढ मिळाली की लोक तिला सहकारी संस्थेची निवडणूक समजू लागले. इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. त्यात 2025 मध्ये गावाचंच नाव ईश्वरपूर झालं. तोंडात इस्लामपूर, आधारवर इस्लामपूर, आरसीवर काय येईल ते सांगलीलाच कळेल.

‘‘व्हिंटेज म्हणून घेऊ की,’’ पुतण्या म्हणाला. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक बाहेर निघते, ते दृश्य त्याच्या डोक्यात बसलेलं. पण 2021 च्या नियमात व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षं पुरी झालेली. सॅन स्टॉर्मला हा मान 2051 ला मिळेल. तोवर पुतण्याही पन्नाशीला टेकेल, आणि व्हिंटेज झाल्यावर ती रोज रस्त्यावर आणायला बंदीच आहे.

आता मूळ कारणाकडं येतो, कारण ते त्यानं सगळ्यात शेवटी सांगितलं. आपल्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातून छोटी जीप केली. दुचाकीचं इंजिन, किक मारून सुरू होणारी, खर्च साठ हजारांच्या घरात. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ टाकला आणि पुढच्याच महिन्यात जीपच्या बदल्यात लोहारांच्या दारात नवी बोलेरो उभी राहिली. पुतण्याचा हिशेब असा: सॅन स्टॉर्म घ्यायची, रील काढायची, ती कुणीतरी मोठ्या माणसानं बघायची, आणि बदल्यात किमान थार यायची. थोडक्यात, जुन्या गाडीचा नाद वगैरे काही नाही. एक्स्चेंज ऑफर आहे.

फक्त लोहारांचा पिढीजात धंदा लोखंडाचा. त्यांनी व्हिडिओ केला नाही, गाडी केली. आमच्या पुतण्यानं गेल्या दिवाळीत सायकलची चेन बसवायला गॅरेजवाल्याला फोन लावला होता. साखराळ्याच्या आरआयटीत ऑटोमोबाइल इंजिनिअरिंगची शाखा आहे, तिथली पोरं मदत करतील, असं तो म्हणतो. करतीलही. त्या पोरांना सबमिशनला काहीतरी लागतंच.

रस्त्याचा विषय वहिनींनी काढला. त्या स्कूटीवरून बाजाराला जातात, त्यामुळं घरात रस्ता खऱ्या अर्थानं फक्त त्यांनाच माहीत. हंगामात पेठ नाक्याकडं निघालं की पुढं डबल ट्रॉली, मागं डबल ट्रॉली आणि ट्रॅक्टरवर रात्रंदिवस गाणी. या गाडीत बसलेल्या माणसाचं डोकं ट्रॉलीच्या चाकाच्या उंचीला येणार. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला गाडी दिसणार नाही, स्पीडब्रेकरला मात्र न चुकता दिसणार. वर छत उघडं. ट्रॉलीवरनं वाडं गळतंच.

‘‘म्हणजे पेठेपतूर जाऊन आलं तर म्हशीची एक येळ भागंल,’’ वहिनी म्हणाल्या. एवढा वेळ चाललेल्या चर्चेत गाडीच्या बाजूनं आलेला हा एकच ठोस मुद्दा.

‘‘उभी कुठं करायची?’’ हा त्यांचाच पुढचा प्रश्न. गोठ्याच्या शेजारी पत्र्याखाली जागा आहे, पण तिथं खताची पोती, बिघडलेली पाण्याची मोटर आणि दादांनी 1994 साली ‘नीट करून वापरू’ म्हणून ठेवलेली लुना आहे. लुनेचं नाव निघताच दादांनी विषय बदलला. ‘‘बघू,’’ ते म्हणाले, ‘‘बिल आल्यावर.’’ आमच्या घरात विहिरीच्या गाळापासून थोरलीच्या लग्नापर्यंत सगळ्यांना हाच शेरा मिळालेला आहे, आणि थोरलीचं लग्न झालेलं आहे. त्यामुळं पुतण्यानं याचा अर्थ होकार असा लावला.

परवा तो ‘नुसतं बघून येतो’ म्हणून गोव्याला गेला. काल निपाणीतनं फोन. ‘‘काका, टोचन करून आणायला आपला ट्रॅक्टर मिळंल काय?’’

ट्रॅक्टर तोडीच्या टोळीवर लावलेला आहे. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत तो मोकळा होत नाही, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला चालेल, इथं एका पेट्रोलपंपाच्या मागं जागा मिळाली आहे, आणि लोक येऊन फोटो काढायला लागलेत.