घाम कुठे गाळला?

वजन कमी झालेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो, 'किती उतरलं?' दुसरा, 'कसं?' उत्तर 'इंजेक्शन' असं आलं, की तिसरा प्रश्न येत नाही. चेहरा येतो.

दहावीच्या पेपरात कॉपी करताना सापडलेल्या पोराकडे पर्यवेक्षक बघतात, तो चेहरा.

गंमत अशी, की हेच इंजेक्शन मधुमेह्याने घेतलं तर ते उपचार. औषध एकच, सेमाग्लुटाइड. कंपनीही एकच, डेन्मार्कची नोवो नॉर्डिस्क. साखरेसाठी विकलं की डबीवर नाव ओझेम्पिक, वजनासाठी विकलं की वेगोवी. साखर वाढलेल्याला आपण सहानुभूती देतो, पोट वाढलेल्याला सल्ला.

आणि सल्ल्यांचा आपल्याकडे दुष्काळ कधी होता? डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. घराघरात दोन पक्ष पडले, व्हॉट्सॲपवर तर महायुद्धच. शेवटी महाराष्ट्राने दोघांचाही मान राखला. दोनदा जेवला आणि मधल्या वेळात दर दोन तासांनी खाल्लं.

आता या औषधाचं बघा. जेवण झालं की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते मेंदूला 'पुरे' असा निरोप पोचवतं आणि काही मिनिटांत विरून जातं. औषध तोच निरोप आठवडाभर वाजवत ठेवतं. शिवाय पोट रिकामं व्हायला वेळ लावतं. घेणारे सांगतात, डोक्यात सतत चालणारी 'आता काय खाऊ'ची भुणभुण थांबते.

म्हणजे इच्छाशक्ती म्हणून ज्या देवीची आपण इतकी वर्षं आरती ओवाळली, तिचं बरंचसं देऊळ आतड्यात होतं.

२०२१ साली वेगोवीची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ६८ आठवड्यांत औषधवाल्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं. नुसतीच सुई टोचून घेतलेल्यांचं २.४ टक्के. आहार-व्यायामाचा सल्ला मात्र दोन्ही गटांना सारखाच मिळत होता.

सल्ल्याचा भाव कळला? २.४ टक्के.

तोही परदेशातल्या, पगारी तज्ज्ञांनी दिलेल्या सल्ल्याचा. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकांनी जिलबीचं दुसरं ताट संपवता संपवता दिलेल्या सल्ल्याची चाचणी अजून कोणी घेतलेली नाही.

पण थांबा. शंका घेणाऱ्यांना लगेच अडाणी ठरवू नका. वजनाच्या औषधांचं खानदान काही बरं नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफेनॉलच्या गोळ्या खपल्या. मूळ रसायन दारूगोळ्याच्या कारखान्यातलं. चरबी जळाली, काही माणसंही आतून तापून गेली. नव्वदच्या दशकात 'फेन-फेन'ची लाट आली आणि हृदयाच्या झडपा खराब होतात असं दिसल्यावर १९९७ मध्ये ओसरली. सिब्युट्रामिन हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अमेरिका-युरोपातून गेलं. यातली शेवटची दोन तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळत होती.

तेव्हा 'चमत्कार' हा शब्द ऐकला की खिसा आणि हृदय दोन्ही चाचपून बघावं, हे बरोबरच.

फक्त ही शंका नीट जागी घ्या. जीएलपी-१च्या कुळातलं पहिलं औषध मधुमेहासाठी २००५ पासून वापरात आहे, म्हणजे काल-परवाची जादू नव्हे. २०२३ मध्ये सतरा हजारांहून जास्त, आधीच हृदयविकार किंवा तत्सम दुखणं असलेल्या माणसांवरची सेमाग्लुटाइडची चाचणी आली. त्यात हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून वीस टक्क्यांनी कमी झाले. दुसऱ्या पारड्यात मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, पित्ताशयात खडे, क्वचित स्वादुपिंडाला सूज. आणि चरबीबरोबर स्नायूही उतरतात. वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही.

नातेवाइकांनाही. ते 'किती बारीक झालीस!' म्हणून मोकळे.

आता हे औषध कोणासाठी? भारतातल्या मंजुरीनुसार बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३० किंवा त्याहून जास्त. २७ किंवा त्यापुढे असेल तर सोबत मधुमेह, रक्तदाब असं काही हवं. आणि चौकशी कोण करतं? डिसेंबरात लग्न आहे आणि शालूच्या ब्लाउजसाठी चार किलो कमी करायचे आहेत, ती.

तिचे हाल विचारू नका. एकीकडे केळवणांची रांग, दुसरीकडे भूक मारणारी सुई. श्रीखंडाची वाटी समोर आली की पोरीला मळमळणार. आणि ती मळमळ बघून मावशीला भलतीच शंका येणार.

भूक मारणारं औषध निघालं. आग्रह मारणारं कधी निघणार?

सेमाग्लुटाइडच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात एक वाक्य आहे: मूल हवं असेल तर किमान दोन महिने आधी हे बंद करा. लग्नाआधी सुई सुचवणारी मैत्रीण ते वाचत नाही. लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात 'गोड बातमी कधी?' विचारणारी आत्या तर नाहीच नाही.

बरं, जाड कोण हे ठरवणार कसं? आपण डोळ्यांनी ठरवतो. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापला होता. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. शर्टाच्या आत मात्र युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के.

संशोधकाने स्वतःलाच नमुना म्हणून उभं केलं आणि अख्ख्या देशाचा एक्स-रे काढला. आपल्याकडचा सडपातळ माणूस आतून सडपातळ असेलच याची हमी नाही. तेव्हा सोसायटीच्या गेटवर उभं राहून दुसऱ्याच्या पोटावर टोमणे मारणाऱ्या किडकिडीत जोशीकाकांनी एकदा कंबरेला टेप लावून बघावी.

इथे खरे प्रश्न सुरू होतात. भारतीयांसाठी डॉक्टर बीएमआयची धोक्याची रेघ २३ वरच ओढतात. मग औषधाची रेघ २७ आणि ३० वर का? वेगोवीच्या त्या मोठ्या चाचणीतले चारांपैकी तीन सहभागी गोरे होते. आपल्या भात-पोळी-साबुदाणा खाणाऱ्या, आधीच स्नायू कमी असलेल्या अंगाचं काय? यावर टीव्हीवर चर्चा ऐकली का कोणी?

टीव्हीवर चर्चा कसली, तर 'हा शॉर्टकट आहे का?'

शॉर्टकट! लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर जाणारे, भाजी दहा मिनिटांत घरपोच मागवणारे आणि सकाळच्या फेरफटक्याची सांगता मिसळीने करणारे आपण. आपल्याला शॉर्टकटचा तिटकारा कधीपासून आला?

कायद्याचं तर विचारूच नका. १९५४ च्या कायद्याने या देशात लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला बंदी आहे. हसू नका, खरंच आहे. चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात आजारांची जी यादी आहे, तिच्यात लठ्ठपणा आहे. तो कायदा लोकलच्या डब्यात उभा असतो. त्याच्या डोक्यावर 'घरबसल्या पोट घटवा'चं स्टिकर चिकटवलेलं असतं.

नव्या इंजेक्शनवाल्यांची पंचाईत वेगळी. नाव घेऊन जाहिरात करता येत नाही. मग 'लठ्ठपणा हा आजार आहे, डॉक्टरांशी बोला' अशी जनजागृती होते. आपल्याकडे नाव घ्यायला उखाणा लागतो. इथे सगळा खर्च नाव न घेण्यासाठी.

आणि डॉक्टरांशी बोलायला सांगताय, तर डॉक्टर गाठून द्या. तज्ज्ञ शहरात. गावात असतो तो केमिस्ट. तो चिठ्ठी मागतो का? मागतो. आधी 'चिठ्ठी आहे का' विचारतो, मग 'बरं, पुढच्या वेळी आणा' म्हणतो.

खिशाचं बोलू. याच धर्तीचं दुसरं इंजेक्शन मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा अडीच मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना होती, पाचची ४,३७५ ला. आठवड्याला एक. म्हणजे पाचच्या मात्रेवर महिन्याला साडेसतरा हजार. त्याच जूनमध्ये वेगोवी आली, नोव्हेंबरात तिचे भाव उतरलेही. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पेटंटबरोबर आपल्या नैतिकतेचीही मुदत संपते, हे लिहून ठेवा. महाग असेपर्यंत जी फसवणूक असते, ती स्वस्त झाली की 'एकदा घेऊन बघायला काय हरकत आहे?' होते.

घेऊन बघा, पण बंद केल्यावर काय? वेगोवीच्या चाचणीतल्या लोकांनी औषध सोडलं, तर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. 'बघा, आम्ही म्हटलं नव्हतं?' असं म्हणायला टीकाकार टपलेलेच. यातले निम्मे जण रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेतात. ती सोडली की रक्तदाब वर जातो, म्हणून गोळीला फसवी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२५ मध्ये लठ्ठपणाला दीर्घकाळचा आजार धरून या औषधांना सशर्त होकार दिला, आहार-व्यायामाच्या जोडीने. दीर्घकाळ म्हणजे दीर्घकाळ बिल. ते कोण भरणार?

विमा? पॉलिसीतलं लठ्ठपणाचं कलम वाचलंय का? वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो. बीएमआय ४० झाला तर, किंवा ३५ आणि सोबत एखादा गंभीर आजार जडला तर. त्याआधीच्या वजन-उपचारांचा खर्च बहुतेक पॉलिसींत वगळलेला. बीएमआय ३२ चा माणूस सुईचं बिल घेऊन गेला तर काउंटरवरून उत्तर ठरलेलं: खात राहा, चाळीसला भेटू.