ज्याच्या त्याच्या परसात राक्षस

अहो, चाललंय काय अंजनवेलीत? मोहोर किती धरला, सुरमई काय भावाने गेली, हे आता कोणी विचारत नाही. विचारतात, "माझा राक्षस कसा वाटला?" ज्याच्या त्याच्या खिशात चार ओळींची अद्भुत साहसकथा! भर रस्त्यात गाठून ऐकवायची, वर "अगदी खरं सांगा हां" अशी गळ घालायची. खरं सांगितलं की आठ दिवस अबोला. मग विचारता कशाला?

सगळं खापर त्या 'तुंबाड'वर फोडा. 2018 साली सिनेमा आला, तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी तिकीट काढलं होतं? सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. झालं! तुंबाड काय परकं आहे? खेड तालुक्यातलं, जगबुडीच्या काठचं. जगबुडी वाशिष्ठीला मिळते, वाशिष्ठी दाभोळपाशी समुद्राला, आणि त्या मुखावर आपण. म्हणजे सिनेमातला राक्षस हस्तर वाहत आलाच तर लागणार आपल्याच धक्क्याला. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' कादंबरीत राक्षस नव्हता, हा भाग वेगळा. खोत होते, तेवढे पुरे होते.

धोपाव्याहून दाभोळला जाणाऱ्या फेरीबोटीत तर सोयच नाही. दहा-पंधरा मिनिटांचं पाणी, पळायला जागा नाही, श्रोता आयता सापडलेला. परवा एक रिक्षावाला रंगात आला होता. गोपाळगडाचा खंदक, खंदकात नागीण, नागिणीच्या डोक्यावर मणी, मण्याला शाप, शापाला उःशाप... बोट मध्यावर आली तरी नायकाचा पत्ता नाही. शेजारी टोपली सावरत बसलेल्या मावशींनी शेवटी विचारलंच, "पन त्या पोराला नक्की काय होवा? मनी का बायको?" रिक्षावाला गप्प! आता सांगा, याहून मोठी समीक्षा कोणती? शहरात हेच ऐकायला लोक फी भरून कार्यशाळेला बसतात म्हणे. नायकाला काय हवंय, आड काय येतंय, त्यासाठी काय गमवावं लागणार? मावशींनी चार शब्दांत आटपलं आणि दाभोळला उतरून गेल्या.

बाकीच्यांचे अभिप्राय मात्र विचारू नका. गुरुजी ऱ्हस्व-दीर्घ बघतात. भटजी राक्षसाचं गोत्र विचारतात. मुंबईकर चाकरमानी "यात पार्ट टू निघेल का?" म्हणतो. आणि काकू? "छान आहे हो" एवढंच म्हणतात नि पिशवीतून स्वतःची गोष्ट काढतात!

खुद्द 'तुंबाड'च चार ओळींत आपल्या पारावर कोणी मांडला असता तर? विहिरीच्या तळाशी भुकेला देव, त्याला भुलवायला कणकेची बाहुली, आणि तो ती खातोय तोवर त्याच्या लंगोटीतून मोहरा पाडायच्या. "लंगोटीतून? शी!" म्हणून आपणच त्याला उठवला असता.

कहर परवा झाला. एकाने गोष्ट आणली. सातासमुद्रापलीकडून एक महाकाय आपल्या किनाऱ्यावर येतो. 1995 मध्ये राज्य पालटतं, नवे सरदार त्याला अरबी समुद्रात बुडवण्याच्या गर्जना करतात. वर्ष सरतं न सरतं तोच त्याच्याशीच नवा तह करतात. 1999 मध्ये महाकाय वीज ओकू लागतो, पण ती इतकी महाग की घेणाऱ्याचेच डोळे पांढरे. 2001 मध्ये सगळं थंड, आणि त्याच डिसेंबरात तो तिकडे अमेरिकेत स्वतःच दिवाळखोर. बुडवायला कोणी लागलंच नाही! यावर मंडळींचा एकमुखी निकाल काय? "छे! फार ताणलंय. तहाचा भाग तर मुळीच पटत नाही." अहो, एन्रॉनच्या वीज प्रकल्पाची चिमणी मागे उभी, आणि हे तिच्याकडे पाठ करून निकाल देतायत! काहींनी तर त्याच महाकायाच्या पगारावर घराला स्लॅब घातला.

या येडेपणाला काही सुमार? आपल्यासारख्या शहाण्या माणसांनी चार हात लांबच राहावं, हे उत्तम.

आता विषय निघालाच आहे म्हणून सांगते. टाळकेश्वराशेजारचं दीपगृह आहे ना, त्याचा दिवा एका अवसेला उलटा फिरायला लागतो, आणि बुडालेली गलबतं एकेक करून खाडीत परत येतात. मुलगी दीपगृहवाल्याची. तिला बापाचं गलबत हवंय. हो, ठरवलंय तिला काय हवंय ते, मावशींना सांगा. कसं वाटलं? अगदी खरं सांगा हां.